ऑक्सफर्ड बुकवर्म्स लायब्ररी: मराठी माध्यमातून आलेल्या वाचकांच्या हाती

तीन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात मी बी. ए.च्या पहिल्या वर्षासाठी आठवड्यातून दोन दिवस अवांतर इंग्रजी वाचनाचा तास सुरू केला. या तासाला येणारी बहुतेक मुले-मुली मराठी माध्यमातून शिकलेली असतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे ही मुले आमच्याकडे येतात तेव्हा त्यांची इंग्रजीची बारा वर्षे झालेली असतात. बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात त्यांनी कादंबरी या साहित्यप्रकाराचा इतिहास वाचलेला असतो आणि ‘द साइन ऑफ फोर’ या शेरलॉक होम्सच्या कादंबरीतला वेचाही अभ्यासलेला असतो. तरीही पहिल्या दिवशी मी जेव्हा विचारले की इंग्रजीतले एखादे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचले आहे का, तेव्हा एकही हात वर झाला नाही. पुढच्या दोन्ही वर्षी नव्या मुलांना हाच प्रश्न विचारला आणि फारसा फरक दिसला नाही. या मुलांसाठी मी ज्या पुस्तकांचा आधार घेतला, त्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स लायब्ररी’ या मालिकेचे हे परीक्षण आहे. इंग्रजी साहित्याची तोंडओळख करून देणाऱ्या शिक्षकांना आणि स्वतःच्या बळावर इंग्रजी वाचू पाहणाऱ्या प्रौढ वाचकांना ते उपयोगी पडावे, या हेतूने ते लिहिले आहे.

मालिकेची रचना प्रथम सांगते, कारण तिचे सारे बळ त्या रचनेत आहे. पुस्तके सात स्तरांत विभागलेली आहेत: सुरुवातीचा स्तर २५० शब्दांचा, आणि त्यानंतर पहिला ४००, दुसरा ७००, तिसरा १,०००, चौथा १,४००, पाचवा १,८०० आणि सहावा २,५०० शब्दांचा. येथे शब्द म्हणजे मूळ शब्द. ‘गो’ येत असेल तर ‘गोज’, ‘वेंट’ आणि ‘गॉन’ हे त्यातच धरले जातात. पहिल्या स्तराचे पुस्तक लिहिणारा लेखक या चारशे शब्दांच्या कुंपणात राहून गोष्ट सांगतो, आणि कथेला अत्यावश्यक असा एखादा बाहेरचा शब्द आलाच तर त्याचा अर्थ शेवटच्या शब्दसूचीत सोप्या इंग्रजीत दिलेला असतो. कुंपण केवळ शब्दांचे नाही, व्याकरणाचेही आहे. पहिल्या स्तरात साधा भूतकाळ असतो, आणि वाक्ये जोडण्यासाठी ‘अँड’, ‘बट’, ‘व्हेन’, ‘बिकॉज’ अशी मोजकी अव्यये असतात. पूर्ण भूतकाळ तिसऱ्या स्तरात येतो आणि कर्मणी प्रयोग तर चौथ्या स्तरापर्यंत येतच नाही. हे वाचून मी बराच वेळ विचारात पडले. आमची मुले शाळेतच कर्तरीचे कर्मणी आणि कर्मणीचे कर्तरी करण्यात पारंगत होतात, त्याचे गुणही मिळवतात; पण साध्या भूतकाळात सांगितलेली चाळीस पानांची गोष्ट त्यांनी कधी वाचलेली नसते. वाक्यांची रूपे बदलता येणे आणि वाक्य वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला या मालिकेच्या शेवटच्या पानांवरच्या त्या व्याकरणाच्या यादीने जितक्या स्पष्टपणे दाखवले तितके कोणत्याही प्रशिक्षण वर्गाने दाखवले नव्हते.

आमची मुले वाचतात कशी, हे जवळून पाहिल्याशिवाय या पुस्तकांचे मोल लक्षात येणार नाही. पहिल्या वर्षीच्या गटात एक अत्यंत कष्टाळू मुलगी होती. तिला मी मूळ इंग्रजीतील एका लघुकथेचे पान दिले. तिने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहायला सुरुवात केली. पाऊण तासाने पान माझ्याकडे आले तेव्हा छापलेल्या मजकुरापेक्षा पेन्सिलीचा मजकूर अधिक झाला होता, आणि त्या पानावर काय घडले ते तिला सांगता येत नव्हते. प्रत्येक शब्दाचा अर्थ तिला ठाऊक होता. वाक्याचा अर्थ मात्र हाती लागला नव्हता. याचे कारण दोन भाषांच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. शब्दाला शब्द लावत जाणारा वाचक इंग्रजी वाक्यातील क्रियापद हाती धरून ठेवतो, वाक्य संपेपर्यंत थांबतो आणि मग ते मराठीच्या जागी बसवण्यासाठी मागे येतो. लहान वाक्यात हे निभावते. तीन ओळींच्या वाक्यात तोवर कर्ता विसरलेला असतो, त्यामुळे डोळे पुन्हा पहिल्या शब्दाकडे जातात. अशा वाचनाला गती येत नाही, आणि गती नाही म्हणून गोष्ट मनात उभी राहत नाही. परीक्षेतील न वाचलेल्या उताऱ्याची सवय यात भर घालते, कारण तेथे प्रश्न आधी वाचायचा आणि उताऱ्यात त्या शब्दांची ओळ शोधायची, एवढेच मुलांनी शिकलेले असते.

याच मुलीला मी आठवडाभराने पहिल्या स्तराचे पुस्तक दिले आणि पेन्सिल काढून घेतली. वाक्ये इतकी आखूड होती की भाषांतर करण्यापूर्वीच ती समजून जात होती. एका तासात तिची अकरा पाने झाली. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर मुख्य मजकुराची शब्दसंख्या छापलेली असते. पुस्तक संपवल्यावर ती संख्या तिने वहीत तारखेसह लिहून ठेवली आणि वर्षभर प्रत्येक पुस्तकाची तशीच लिहीत राहिली. तो आकडा छापण्याची प्रकाशकांची पद्धत मला फार मोलाची वाटते. आपण किती इंग्रजी वाचले याचे असे मोजमाप मुलांना आजवर कोणी दिलेलेच नव्हते.

कोणत्या वाचकाला कोणता स्तर द्यावा, या प्रश्नावर मात्र मुलांशी आणि सहकाऱ्यांशी मला वारंवार वाद घालावा लागला. बारा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला चारशे शब्दांचे पुस्तक दिले की त्याला ते कमीपणाचे वाटते, आणि पालकांना तर अधिकच. वाचनाचे अभ्यासक हू आणि नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, कोणाच्याही मदतीवाचून कथा नीट समजण्यासाठी तिच्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी शब्द. हे प्रमाण ९५ टक्क्यांवर आले तर वीस शब्दांत एक शब्द अडतो, म्हणजे जवळपास प्रत्येक दुसऱ्या वाक्यात ठेच लागते. मी वर्गात पान उघडायला सांगते आणि अनोळखी शब्दागणिक एक बोट मिटायला सांगते. पान संपण्याआधी मूठ वळली तर पुस्तक परत ठेवायचे आणि खालच्या स्तरातले घ्यायचे. या कसोटीला लावल्यावर आमच्या पदवीच्या पहिल्या वर्षातील बहुतेक मुले पहिल्या किंवा दुसऱ्या स्तरावर बसतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे मी पहिल्याच दिवशी स्वतः पहिल्या स्तराचे पुस्तक त्यांच्यासोबत बसून वाचते आणि दाखवून देते.

या पद्धतीचा इतिहास आपल्याच उपखंडातला आहे, आणि तो कळल्यापासून ही पुस्तके मला परकी वाटत नाहीत. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतील अधिकारी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्विभाषिकतेवरचा त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास, ठरावीक शब्दांच्या मर्यादेत लिहिलेली त्यांची वाचनपुस्तकेही निघू लागली. सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची त्यांची यादी १९५३ साली आली. वेस्ट यांनी विम्याच्या व्यवहारातला एक शब्द शिक्षणाला लावला होता: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मुदतीआधी सोडली तर हाती काय पडते, हे जसे आपण पाहतो, तसे विद्यार्थ्याने इंग्रजीचे शिक्षण मध्येच सोडले तर त्याच्या हाती काय उरते, हे पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि अर्धवट सोडलेल्या शिक्षणातूनही उपयोगी पडेल असे काही असेल तर ते वाचनाचे कौशल्य, असा त्यांचा निष्कर्ष होता. शंभर वर्षे होत आली तरी हा विचार माझ्या वर्गाला जसाच्या तसा लागू पडतो. या मुलांपैकी फार थोडी एम. ए.ला जातील. कोणी पोलीस भरतीची तयारी करील, कोणी दुकान सांभाळील, काही मुलींची लग्ने दुसऱ्या वर्षातच होतील. साहित्याच्या कालखंडांची नावे आणि गाइडातली उत्तरे त्यांच्यापाशी सहा महिनेही टिकणार नाहीत. म्हणून या मालिकेचे परीक्षण मी याच कसोटीवर करते: हिच्यातून मुलाच्या हाती काय उरते?

वाचनाची सवय उरते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साहित्य उरते का, या प्रश्नाचे उत्तर देताना मला पहिल्या स्तरातील ‘द मंकीज पॉ’ या पुस्तकाविषयी सविस्तर सांगितले पाहिजे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची ही कथा १९०२ सालची आहे. हिंदुस्थानातून परतलेला एक सैनिक माकडाचा वाळलेला पंजा एका इंग्रज कुटुंबात घेऊन येतो; त्यावर एका फकिराने मंत्र घातलेला असतो आणि तीन माणसांच्या प्रत्येकी तीन इच्छा तो पुऱ्या करतो. वडील दोनशे पौंड मागतात, आणि ते दोनशे पौंड दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून घरी येतात. वर्गात या ठिकाणी कोणी काही बोलले नाही. मग एका मुलाने विचारले, “मॅडम, हा नवसच झाला ना?” त्यावरून जी चर्चा झाली ती मी विसरणार नाही. एक मुलगी म्हणाली की नवसात काय द्यायचे ते आपण आधी कबूल करतो, येथे मात्र किंमत न सांगता वसूल केली. दुसरीचे म्हणणे असे पडले की त्या घराला पैशाची निकड नव्हतीच, त्यांनी गंमत म्हणून मागितले, म्हणून ते तिला अधिक भयंकर वाटले. लेखकाने नियती, लोभ किंवा दैव यांविषयी लांब तात्त्विक विवेचन न करता ही मुले त्या प्रश्नापाशी स्वतःहून पोहोचली होती. चारशे शब्दांत कथानकाची घडण, घटनांचा क्रम आणि वाढत जाणारे भय शाबूत राहिले होते, आणि साहित्याच्या पहिल्या धड्याला तेवढे पुरले.

भाषा मात्र शाबूत राहत नाही, आणि ती राहणारही नाही. म्हणून पुस्तक संपल्यावर मी मूळ कथेचे पहिले आणि शेवटचे पान वाचायला देते. मूळ कथेचे पहिलेच वाक्य ‘विदाउट’ या शब्दाने सुरू होते, आणि तेथे त्याचा अर्थ ‘शिवाय’ असा नसून ‘बाहेर’ असा आहे. बाहेर रात्र थंड आणि ओली आहे, आत पडदे ओढलेले आहेत आणि शेकोटी पेटलेली आहे. गोष्ट आधी ठाऊक नसती तर माझी मुले या पहिल्याच शब्दाला अडखळून पडली असती, कारण शब्दकोशातला पहिला अर्थ येथे लागत नाही. पण गोष्ट ठाऊक असल्यामुळे एका विद्यार्थिनीने वाक्य दोनदा वाचून स्वतःच सांगितले की येथे आत आणि बाहेर अशी तुलना असली पाहिजे, कारण शेवटी बाहेरूनच कोणीतरी दार वाजवते. अर्थ शब्दाकडून वाक्याकडे जाण्याऐवजी संपूर्ण कथेकडून शब्दाकडे आला, आणि वाचन म्हणतात ते हेच. शेवटच्या पानावर तिसरी इच्छा काय मागितली, हे लेखक शब्दांत सांगत नाही आणि दाराबाहेर कोण होते हे कधीच दाखवत नाही. “मॅडम, बाहेर कोण होतं ते लिहिलंच नाही,” अशी तक्रार सुरुवातीला आली. पुढचा अर्धा तास आम्ही न लिहिलेल्या त्या गोष्टीविषयीच बोलत होतो.

यावरून माझे मत असे झाले आहे की या मालिकेतील ज्या पुस्तकांत मूळ कलाकृतीचे बळ घटनांत आणि रहस्यात आहे, ती पुस्तके साहित्यप्रवेशासाठी उत्तम आहेत. भयकथा, शोधकथा, साहसकथा या वर्गातली पहिल्या तीन स्तरांतील पुस्तके डोळे झाकून घ्यावीत; दुसऱ्या स्तरातील शेरलॉक होम्सच्या लघुकथा तर युवकभारतीतून आलेल्या मुलांना ओळखीच्या वाटेने पुढे नेतात. ज्या कलाकृतींचे सौंदर्य वाक्याच्या वळणात आहे, त्यांच्याबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सहाव्या स्तरात, अडीच हजार शब्दांत उपलब्ध आहे. कोण कोणाशी लग्न करते हे त्यातून समजते, परंतु ऑस्टेन एका सरळ दिसणाऱ्या वाक्यात आपल्या पात्रांची आणि समाजाची जी परीक्षा घेते, ती पुनर्कथनात येणे शक्य नाही. या पुस्तकाने ऑस्टेन वाचली असे विद्यार्थ्याला वाटू देणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. सहाव्या स्तरापर्यंत आलेल्या मुलाला मी मूळ कादंबरीची पहिली तीन प्रकरणे देते. त्याची तेवढी तयारी झालेली असते.

मालिकेत निवडक नाटके संवादरूपात आहेत आणि माहितीपर पुस्तकेही आहेत, त्यांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. जगातल्या निरनिराळ्या प्रदेशांतील इंग्रजी कथांचे संग्रह मला अधिक हवे होते. सबंध मालिकेचा तोल अजूनही इंग्लंड-अमेरिकेच्या जुन्या अभिजात साहित्याकडे झुकलेला आहे. कवितेचे काम तर तिच्याकडून होत नाही, कारण कवितेचे सोपे रूप करता येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मी अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’तील कविता घेते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्या वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळालेल्या या इंग्रजी संग्रहातील अनेक कवितांचे शब्द दुसऱ्या-तिसऱ्या स्तराच्या वाचकाला सहज झेपणारे आहेत. पहिल्या कवितेत जेजुरीला निघालेल्या एस. टी.तल्या प्रवाशाला समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत आपला चेहरा दुभंगलेला दिसतो. माझी निम्मी मुले त्या देवाला जाऊन आलेली असतात. शब्द सोपे असताना कविता अवघड का वाटते, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवण्यासाठी याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वाचनापूर्वीचे, वाचताना करायचे आणि वाचनानंतरचे असे स्वाध्याय आहेत. त्यांतले वाचनापूर्वीचे, म्हणजे पुढे काय घडेल याचा अंदाज बांधायला लावणारे प्रश्न मी आवर्जून घेते. बाकीचे स्वाध्याय सगळे करून घेण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या वर्षी मी ते गुणांसाठी लावले आणि महिन्याभरात मुले पुस्तक बाजूला ठेवून एकमेकांच्या वह्यांतली उत्तरे उतरवू लागली. दुसऱ्या वर्षापासून वाचलेल्या पुस्तकाविषयी पाच मिनिटे, मराठीत किंवा इंग्रजीत, जसे जमेल तसे बोलायचे, एवढीच अट ठेवली आहे. बऱ्याच पुस्तकांसोबत ध्वनिमुद्रणही मिळते. ते ऐकत वाचले की मुलांना वाक्यात कोठे थांबायचे ते कळते, आणि प्रत्येक शब्द सुटा वाचण्याची सवय सुटते. मला ते उच्चारांपेक्षा या कारणासाठी महत्त्वाचे वाटते.

खरेदीविषयी दोन गोष्टी. पुस्तके लहान आहेत आणि त्या मानाने महाग आहेत. वर्गाला पुरेल एवढा संच एकट्या शिक्षकाच्या खिशाला परवडणारा नाही. आम्ही महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला विनंती केली, गावातील ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाने काही पुस्तके घेतली आणि उरलेली माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आली. दुसरे असे की, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात मिळालेल्या आमच्या पहिल्या बारा प्रती छायाप्रती काढून बांधलेल्या बनावट प्रती निघाल्या. चित्रे काळवंडलेली होती आणि दोन पुस्तकांतले शेवटचे प्रकरणच नव्हते. रहस्यकथेचे शेवटचे प्रकरण नसणे म्हणजे काय, हे त्या दोन मुलांच्या चेहऱ्यावर मी पाहिले आहे. अधिकृत वितरकाकडूनच घ्यावीत आणि आल्या दिवशी प्रत्येक प्रतीची पाने मोजावीत.

चाळीस मुलांच्या वर्गासाठी एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती घेऊ नयेत. आमचा सध्याचा हिशेब असा आहे: सर्वांनी मिळून वाचायच्या एका पुस्तकाच्या वीस प्रती, दोघांत एक, आणि उरलेल्या पैशांत पहिल्या स्तराची पंधरा, दुसऱ्याची पंधरा, तिसऱ्याची दहा आणि चौथ्याची पाच वेगवेगळी पुस्तके. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ही सगळी पुस्तके मुलांनी घरी नेली. सुट्टीनंतर मोजली तेव्हा तीन कमी भरली. त्यांपैकी एक परवा परत आले. ते नेणाऱ्या मुलाच्या धाकट्या बहिणीचे, ती नववीत आहे, दोन प्रकरणांचे वाचन राहिले होते.